मधले दहा दाते

कांताबाईंनी बाजाराची पिशवी खाटेवर उलटी केली. आधी तुरीच्या शेंगा पडल्या, मग मेथीची जुडी, मग साबणाच्या दोन वड्या, आणि सगळ्यात शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड. ते नेमकं शेंगांवर आदळलं आणि दोन-तीन दाणे उडून उर्वशीच्या गणिताच्या वहीवर येऊन बसले.

"घे. तुह्या सायकलची वस्तू," कांताबाई म्हणाल्या. "तो दुकानदार देऊनच नव्हता राह्यला. एवढुसं काहीतरी हातात ठेवून राह्यला होता. मी म्हटलं, असं कसं."

उर्वशीने कागद फाडला. आत नवंकोरं फ्रीव्हील होतं. सायकलच्या मागच्या चाकाला एकामागे एक बसवलेल्या सात दातेरी चकत्या, ज्यांच्यावरून चेन सरकते आणि गिअर बदलतो, ते. तिने आरशावरच्या पाकिटातून आईची एक टिकली काढली, सगळ्यात मोठ्या चकतीच्या एका दात्यावर चिकटवली आणि तिथून बोटाने मोजायला सुरुवात केली. टिकलीपाशी परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिने पुन्हा मोजलं.

"आई, हे चौतीसचं हाये."

"मंग?"

"मी चिठ्ठीत अठ्ठावीस लिहलं होतं ना."

"हाव, लिहलं होतं. त्यानं पह्यले तेच दाखवलं. मी म्हटलं, पोरगी वाढत्या अंगाची हाये, सहा महिन्यात आखूड झालं तं कोण येईन पुन्हा? मोठं दाखवा. भाव दोन्हीचा एकच. मंग लहान कायले घ्याचं?"

या घरात आजवर एकही वस्तू मापाची आलेली नव्हती. उर्वशीचा पाचवीतला युनिफॉर्म तिला सातवीत नीट बसला. तिचे बूट पहिलं वर्षभर पुढे बोळे कोंबून चालत, आणि कापसाच्या जिल्ह्यात बोळ्यांना काय तोटा. खुद्द ही सायकलसुद्धा वाढत्या अंगाची होती. पहिले आठ महिने तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, त्यामुळे थांबायचं असेल तेव्हा ती आधी एखादा विजेचा खांब शोधून ठेवायची.

"सायकल वाढत नसते ना, आई."

"सायकल नाही वाढत. तू वाढतं ना?"

"आणि हे चौतीसचंच तं आधीपासून बसवलेलं हाये. आहे तेच आणलं तू."

कांताबाईंनी क्षणभर विचार केला. "पण हे नवं हाये," असं म्हणून त्या शेंगा सोलायला बसल्या.

आता उर्वशीला अठ्ठावीसच का हवं होतं, ते सांगायला हवं. तिच्या सायकलच्या मागच्या सात चकत्यांमध्ये पहिली चौदा दात्यांची. मग सोळा, अठरा, वीस, बावीस, चोवीस, अशा दोन-दोनाने शिस्तीत वाढत गेलेल्या. आणि त्यानंतर एकदम चौतीस. म्हणजे सहा मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी आहेत आणि सातव्या जागी पीटीचे सरच येऊन उभे राहिलेत, असा प्रकार. सपाट रस्त्यावर याने काही बिघडत नव्हतं. पण लोहारा गावातल्या तिच्या शाळेकडून यवतमाळच्या दिशेने निघालं की नाल्यावरचा पूल लागतो, आणि पुलानंतर एक लांबच लांब चढ. त्या चढावर चोवीसची चकती इतकी जड जाई, की उभं राहून जोर लावावा लागे, आणि जोर लावला की सायकल पुढे सुटे. चौतीसवर टाकली की पाय मिक्सरसारखे गरगर फिरत आणि सायकल जागच्या जागी रेंगाळे. मधलं काही नव्हतंच. मधले दहा दाते कारखान्यातच गिळले होते.

एकटीने जायचं असतं तर तिने हेही चालवून घेतलं असतं. पण शनिवारी शाळेची रस्ता सुरक्षा रॅली होती, आणि रॅलीचा बॅनर होता उर्वशी आणि तिची मैत्रीण अर्पिता यांच्याकडे. दोघींच्या सायकलींच्या कॅरियरला एकेक बांबू उभा बांधलेला आणि दोन बांबूंच्या मध्ये, दोघींच्या पाठीमागे, लांबरुंद कापड: "सावकाश चला, सुखरूप पोहोचा". अर्पिताची सायकल बिनागिअरची. ती चढावरसुद्धा एका चालीने चालायची, अर्पिताच्या आजीसारखी. सोमवारच्या सरावात उर्वशी चोवीसवर पुढे सुटली तेव्हा अर्पिताचा बांबू वाकला आणि ती दाव्याला बांधल्यासारखी ओढली गेली. उर्वशी चौतीसवर मागे पडली तेव्हा कापड सैल होऊन दोघींच्या डोक्यावरून ओढणीसारखं उतरलं. समोरून येणाऱ्याला "साव पोहोचा" एवढंच वाचता येत होतं.

राठोड मॅडमनी शिट्टी वाजवून सगळं थांबवलं. "मुलींनो, बॅनर ताठ राहिला पाहिजे. दोघींनी सोबत राहायचं, बस. शनिवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर ऋतिक आणि सोनू आहेतच."

ऋतिक आणि सोनू होतेच. मागच्या वर्षी वृक्षदिंडीचा बॅनर त्यांच्याकडे होता आणि तो ते एका रसवंतीवर विसरून आले होते. ते आत्ताही विजयाची दोन बोटं दाखवून हसत होते. उर्वशीला त्या दोघांचा राग नव्हता. पण नववीपर्यंत ती वर्गात अशा जागी बसायची जिथून कुणाची नजर जात नाही, आणि यंदा दहावीत, मॅडमनी "बॅनर कोण धरेल?" विचारलं तेव्हा तिचा हात पहिल्यांदाच आपला आपण वर गेला होता. तो हात आता खाली घ्यायची तिची तयारी नव्हती. त्याच संध्याकाळी तिने सायकल उलटी करून दाते मोजले, रोग शोधला आणि चिठ्ठी लिहिली. आणि आज बुधवारी आईने औषध म्हणून पुन्हा तोच रोग आणला होता.

गुरुवारी प्रकरण बाबांकडे गेलं. धर्मपाल लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका दालमिलमध्ये मशीनवर होते. त्यांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं.

"मले नको समजावू. मी रोज सोळा पुल्या फिरवतो. मोठी पुली, लहान पुली, सगळं मले माहीत हाये. तुले मधातलं पाहिजे."

"हाव बाबा. अठ्ठावीस."

"अठ्ठावीस. झालं. ड्यूटीवरून येता येता बदलून आणतो."

उर्वशीला इतका भरवसा वाटला की तिने टिकलीसुद्धा दात्यावरून काढली नाही. पण धर्मपाल यवतमाळच्या त्या दुकानात शिरले, तेव्हा नेमके त्यांच्या मिलचे फोरमन तिथे मुलाच्या सायकलची घंटी घ्यायला आले होते.

"काय धर्मपाल? मोठं वापस करून लहान घेऊन राह्यला का?" फोरमननी सहज विचारलं.

फोरमनसमोर मोठं देऊन लहान घेणं धर्मपाल यांच्याने झालं नाही. "नाही साहेब," ते म्हणाले, "याच्याहून वरचं पाहून राह्यलो." मग वरचं पाहणं भाग पडलं. दुकानदाराने वरचं दिलं.

घरी आल्यावर त्यांनी ते स्वतःच्या हाताने खाटेवर ठेवलं. "आठ गिअरचं हाये. सातच्या जागी आठ. एक गिअर जास्तीचा."

उर्वशीने दुसरी टिकली काढली. सगळ्यात मोठी चकती पुन्हा बोटाने मोजली.

"किती?" कांताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"चौतीस."

"आन गिअर आठ? हे बरं केलं तुम्ही."

"बाबा, माह्या हँडलवरच्या लिव्हरले सातच आकडे हायेत. आठवा गिअर लागन कसा?"

धर्मपाल यांनी लिव्हर पाहिली. खरंच सात होते. "मंग आठवा राखून ठेव," ते म्हणाले. "कवा लागला तं लागला."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर उर्वशी आणि अर्पिता स्वतःच यवतमाळला गेल्या. चढावर उर्वशी तीनदा पुढे गेली, तीनदा मागे पडली. अर्पिता एका चालीने येत राहिली आणि दर वेळी जवळून जाताना विचारत राहिली, "आली का? गेली का?"

दुकानदार काका देहाने भक्कम होते आणि त्यांचा चष्मा कायम कपाळावर असायचा. त्यांनी पुडकं उघडलं, टिकली पाहिली आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हे तं कालच गेलं. त्याच्या आधी एक बाई आल्या होत्या, शेंगा घेऊन. एकाच घरचे का तुम्ही? उद्या कोण येईन, आजी?"

"उद्या कोणी नाही येत. उद्याच रॅली हाये," उर्वशी म्हणाली. "काका, मले लहान पाहिजे. सात गिअरचं, सगळ्यात मोठी चकती अठ्ठावीसची."

"घरी विचारलं का?"

"सायकल माही हाये."

"ते खरं. पण तुही आई मोठं म्हणून गेली, बाप वरचं म्हणून गेला. आता मी तुले लहान देल्लं, आन उद्या ते दोघं माह्या दुकानात उभे राह्यले तं?" असं म्हणत त्यांनी पावतीवरचा नंबर पाहून फोन लावला आणि काउंटरवर स्पीकर सुरू करून ठेवला. "हॅलो, ताई, सायकल दुकानातून बोलून राह्यलो. तुमची पोरगी आली. लहान मागून राह्यली."

"तिचं ऐकू नका," फोनमधून कांताबाई म्हणाल्या. "ती जेवाले बी लहान ताट घेते."

अर्पिता हसली आणि लगेच गप्प झाली, कारण उर्वशीच्या डोळ्यात पाणी यायच्या बेतात होतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक ट्यूब मागायला आलं. ट्यूबा होत्या माळ्यावर. काकांनी फोन तसाच काउंटरवर ठेवला आणि माळ्याची लाकडी शिडी धरली. चार दांडे ते झरझर चढले. पाचवा दांडा जागेवर नव्हता, कधीतरी तुटला असावा. तिथे काका थांबले, एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसऱ्याने माळ्याची कड धरली आणि "आई आई आई" करत स्वतःला वर ओढलं. उतरतानाही तेच. ट्यूब देऊन झाल्यावर ते स्टुलावर बसून गुडघा चोळू लागले.

उर्वशी शिडीकडे पाहत होती.

"काका, तो मधातला दांडा असता तं?"

"तं कायले गुडघा दुखला असता?"

"शिडी उंच झाली असती का मंग?"

"उंच कायची? तेवढीच राह्यली असती. फक्त पाय पोचला असता."

"मले तोच दांडा पाहिजे," उर्वशी म्हणाली. तिने काउंटरवरचं फ्रीव्हील उचललं आणि बोट ठेवून दाखवलं. "माह्या सायकलच्या फ्रीव्हीलले हा दांडा, हा दांडा, हा दांडा, आन इथून एकदम वर माळा. अठ्ठावीस घेतलं तं माही शिडी थोडी बुटकी होईन, काका. मले मालूम हाये. पण पाय पोचन."

काकांनी फ्रीव्हीलकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षं ते सायकलीचं सामान विकत होते आणि पंधरा वर्षं त्या शिडीवर कण्हत होते, पण या दोन गोष्टींची गाठ त्यांच्या डोक्यात कधी पडली नव्हती.

"मंग शिडीचं असं होतं तं आधी सांगाचं ना," काउंटरवरून आवाज आला. फोन सुरूच होता.

"आई, मी कवाची सांगून राह्यली."

"तू दात सांगून राह्यली होती. दाताचं कोणाले समजते? द्या हो भाऊ तिले, काय म्हणते ते."

"देतो ताई," काका म्हणाले, पण उठले नाहीत. "पण एक गडबड हाये. ते अठ्ठावीसचं कोणी मागतच नाही. तुम्ही बुधवारी नाही म्हटलं, तवा मी ते फेकून देल्लं वर."

सगळ्यांनी माळ्याकडे पाहिलं. अर्पिताने "मी चढू का, काका?" विचारलं, पण दुकानातल्या मालाची जागा काकांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. अखेर दोघींनी शिडी दोन्ही बाजूंनी धरली आणि काका पुन्हा एकदा "आई आई आई" करत वर गेले. वरून बरीच धूळ आली, मग दोन टायर आले, आणि मग हातात अठ्ठावीस घेऊन काका आले. उर्वशीने टिकली काढून नव्या चकतीवर लावली आणि दुकानातच मोजलं. या वेळी काकाही तोंडाने मोजत होते. अठ्ठावीस.

लोहाऱ्यात लखीराम मिस्त्री आपलं दुकान आवरत होते. सायकल पाहून त्यांनी पुन्हा पाने बाहेर काढले. "छोरी, सारे लोक मोठं बसवाले येतेत," ते म्हणाले. "लहान बसवणारी तू पह्यलीच." फ्रीव्हील बसवून झालं, पण चकती लहान झाल्याने चेन लोंबायला लागली. चेन कापणं लखीराम यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी ती दोनदा ताणून पाहिली, उर्वशीकडे पाहिलं, आणि शेवटी दोन कड्या काढून तिच्या हातावर अशा ठेवल्या, की जणू तिच्या पाटल्याच मोडल्यात. "जपून ठेव. घरच्याइनं विचारलं तं दाखवजो, का मी नाही घेतल्या."

मग ती चढावर गेली. चोवीसवरून लिव्हर दाबली, मागे "टक्" असा एवढासा आवाज झाला, आणि पायांखालचा रस्ता थोडासाच हलका झाला. पुढे सुटणं नाही, मागे पडणं नाही. ती वरपर्यंत गेली, उतरली आणि परत वर गेली, उगीचच. चौथ्यांदा वर जाताना ती चक्क गुणगुणत होती, आणि चढावर गुणगुणता येतं हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

शनिवारी सकाळी दोनशे मुलं सायकली घेऊन मैदानावर जमली. सगळ्यात पुढे अतुलभाऊंची जुनी जीप, टपावर दोन भोंगे, आणि भोंग्यातून राठोड मॅडमच्याच आवाजात आधी भरून ठेवलेल्या सूचना. मॅडम स्वतः अतुलभाऊंच्या शेजारी बसल्या. जीपमागे बॅनर, बॅनरमागे सगळी शाळा, अशी रचना.

निघाल्यावर पाच मिनिटांत एक नवीनच अडचण समोर आली. जीप पहिल्या गिअरवर इतकी हळू चाले की मागची मुलं एकमेकांच्या चाकात घुसत. दुसऱ्यावर टाकली की ती उडी मारून पुढे जाई आणि रॅलीपासून सुटे. मग थांबायचं, वाट पाहायची, पुन्हा तेच.

"अतुलभाऊ, सायकलच्या वेगाने चालवा ना," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, सायकलच्या वेगाचा गिअरच नाही हिले. एक तं बैल, नाही तं घोडा."

शेवटी पुलाजवळ मॅडमनी जीप बाजूला घेतली आणि बॅनरला पुढे जायला सांगितलं. "तुम्ही तुमच्या चालीने चला. आम्ही तुमच्या मागे. फक्त दोघी सोबत राहा." असं ठरलं: सगळ्यात पुढे उर्वशी आणि अर्पिता, मध्ये जीप, मागे शाळा.

चढ लागला. "टक्," उर्वशीची सायकल म्हणाली. बॅनर इस्त्री केल्यासारखा ताठ होता. दोघींची चाकं एका रेषेत फिरत होती आणि दोघींमधलं अंतर वीतभरही कमीजास्त होत नव्हतं. असं शेजारी शेजारी चढ चढायचा प्रसंग त्यांच्या मैत्रीत पहिल्यांदाच आला होता, त्यामुळे अर्पिताने साहजिकच बोलायला सुरुवात केली.

"तुले सांगतलं का मी, फुलसावंगीले मावशीच्या घरी लग्नात काय झालं?"

"कधी सांगशीन? मी एक तं पुढे राहत होती, नाही तं मागे."

"ऐक मंग. नवरदेव कपडे बदलाले म्हणून एका खोलीत गेला. त्या खोलीत होती बुंदी. आन बुंदीवर लक्ष ठेवाले होती मानीबाई, मावशीची सासू. तिनं पाह्यलं, दरवाजा उघडा. लावलं कुलूप."

"नवरदेव आत?"

"आत. आन चाबी कमरेले खोसून ती गेली दुसऱ्या लग्नाले. जीपनं. पुसदकडं."

उर्वशीला इतकं हसू आलं की दुसरं कुणी असतं तर बॅनर हलला असता. तो हलला नाही. भोंग्याचा आवाज थोडा लांबून येतोय असं तिला मध्येच वाटलं, पण मॅडमनी आवाज कमी केला असेल असं अर्पिता म्हणाली. मागे वळून पाहायचा प्रश्नच नव्हता, कारण मागे बॅनर होता. पाहायचं तर आधी वाचावं लागलं असतं, तेही मान पार मागे वळवून.

चढ संपला आणि चौक आला. चौकात मांडव होता, मांडवात टेबल, टेबलावर हार आणि टेबलामागे प्रमुख पाहुणे पुंडलिकराव. निवृत्त मुख्याध्यापक. हातात भाषणाचे चार कागद. समोर कांताबाई, धर्मपाल, एक चहावाला आणि दोन ऑटोवाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुंडलिकरावांनी टाळ्या थांबायची वाट पाहिली, मग रस्त्याकडे पाहिलं, मग पुन्हा दोघींकडे.

"बाकीचे?"

"मागे हायेत, सर," उर्वशी म्हणाली. "दोनशे हायेत."

दोघींनी एकदमच सायकली वळवल्या, बॅनर दारासारखा उघडला, आणि मागचा रस्ता दिसला. रस्त्यावर एक बकरी होती.

पुंडलिकरावांना पुढे आणखी एका कार्यक्रमाला जायचं होतं. त्यांनी पाच मिनिटं वाट पाहिली, घड्याळ पाहिलं, कागद सरळ केले आणि घसा साफ केला. "इथे प्रचंड संख्येने उपस्थित असलेल्या विद्यार्थी मित्रांनो," त्यांनी सुरुवात केली. उर्वशी आणि अर्पिता सरळ उभ्या राहिल्या. शिस्तीचा मुद्दा आला तेव्हा पुंडलिकरावांनी प्रचंड संख्येला रांग न मोडल्याबद्दल शाबासकी दिली.

तिसऱ्या कागदावर असताना चढाच्या टोकाला भोंगा दिसला. "सावकाश चला," मॅडमचा आवाज म्हणत होता. मग जीपचा टप दिसला, मग काच, काचेमागे स्टिअरिंग धरलेले अतुलभाऊ. आणि मग जीपच्या दोन्ही बाजूंनी आणि मागे दोनशे मुलं, एकही सायकल नाही, सगळे ढकलतायत. सगळ्यात पुढे ऋतिक आणि सोनू, आणि त्यांच्यामध्ये, पदर कमरेला खोचलेल्या, खऱ्या राठोड मॅडम. झालं असं होतं, की सायकलींच्या मागे राहता यावं म्हणून अतुलभाऊंनी चढावर जीप दुसऱ्या गिअरवर हळू चालवायला घेतली. ती तीन गचके खाऊन बंद पडली ती पडलीच. मागे एसटी अडकून हॉर्न द्यायला लागली, म्हणून सगळ्यांनी सायकली पुलाजवळ लावल्या आणि जीपला हात लावला. सोनूने पुढच्या दोघींना हाका मारल्या म्हणे. पण भोंग्याची बॅटरी वेगळी होती आणि ती ठणठणीत होती, त्यात हाका बुडाल्या.

मॅडम चौकात पोचल्या, पाणी प्यायल्या आणि उर्वशीसमोर येऊन उभ्या राहिल्या. अजून धाप लागत होती.

"मी काय सांगितलं होतं? सोबत राहा म्हटलं होतं ना?"

"सोबतच होतो ना, मॅडम," उर्वशी म्हणाली.

मॅडमनी बॅनरकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सुरकुती नव्हती. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात कांताबाई पुढे आल्या.

"मॅडम, पोरीचं काही चुकलं नाही. त्या जीपलेच मधात एक दांडा कमी हाये. यवतमाळले एक दुकान हाये, पाहून या."

अतुलभाऊ जीपच्या बॉनेटमधून डोकं काढून म्हणाले, "कोणतं दुकान?"

मॅडम हसल्या. बराच वेळ हसल्या, बहुतेक दमल्यामुळे. मग त्यांनी जमलेल्या दोनशे मुलांना सांगितलं, की सगळ्यांनी खाली पुलापर्यंत चालत जायचं, आपापल्या सायकली घ्यायच्या आणि रांगेत वर यायचं. रॅली तेव्हा पोचल्याचं धरलं जाईल. फोटोही तेव्हाच. पुंडलिकराव पहिला कागद पुन्हा वर काढत होते.

"आणि तुम्ही दोघी," मॅडम वळून म्हणाल्या, "हा बॅनर घेऊन इथेच उभ्या राहा. सगळे येईपर्यंत एक पाऊलही हलू नका."

दोनशे मुलं कुरकुरत उताराला लागली. ती खाली जाणार, सायकली शोधणार, कुणाची तरी चावी हरवणार, मग वर येणार. अर्ध्या तासाची तरी निश्चिंती होती. अर्पिताने सायकल स्टँडवर लावली, उर्वशीने लावली. दोघी आपापल्या कॅरियरला टेकल्या. कांताबाईंनी येऊन दोघींच्या हातात भाजलेल्या शेंगा दिल्या, भरपूर, संपणार नाहीत इतक्या.

"कुठवर आलतो आपण?" अर्पिताने विचारलं.

"नवरदेव आत," उर्वशी शेंग सोलत म्हणाली, "आन चाबी पुसदले."